बोलायचे पैसे

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आमच्या गावचा बाजार बुधवारचा. मागच्या बुधवारी मी कोथिंबिरीची जुडी निवडत होते, तेवढ्यात मागून पिकअप गाडी आली. वर भोंगा. भोंग्यातून एक बाई सांगत होती, साड्यांचा सेल लागलाय, एकीवर एक मोफत, लवकर या. भाजीवाली आजी माझ्याकडं बघून हसायला लागली. "अगं, ही तर तूच की!"

मीच होते. ४ वर्षांपूर्वी गटांच्या मेळाव्यात मी सूत्रसंचालन करत होते, ते ऐकून तालुक्याच्या एका दुकानदारानं मला बोलावलं, कागद हातात दिला, मोबाईलवर माझं वाचन रेकॉर्ड केलं आणि ३०० रुपये दिले. मी खूश. त्या ३०० रुपयांवर ४ दिवाळ्या गेल्या, पण सेल काही संपत नाही.

हा किस्सा बैठकीत हसण्यावारी गेला असता. पण त्याच बैठकीला एक मुलगा आला होता. मोबाईलवर दिसतील ती मराठी वाक्यं मोठ्यानं वाचायची, तासाच्या हिशेबानं पैसे मिळतील, म्हणाला. कॉम्प्युटरला मराठी शिकवायचंय. बायका माझ्याकडं बघायला लागल्या. एकीनं विचारलंच, "ताई, नुसतं बोलायचे कुणी पैसे देतं का? फसवणूक तर नाही ना?" मी म्हटलं, बघून सांगते. बी.ए.ला माझा विषय इतिहास. त्यामुळं मला पुढचं काही बघायचं असलं की आधी मागं जावं लागतं.

मागं गेले ती थेट १९०२ सालच्या नोव्हेंबरात, कलकत्त्याला. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग नावाचा माणूस यंत्र घेऊन आपल्या देशात आला होता. तेव्हा माईक नव्हता. एक मोठा कर्णा असायचा, त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन जोरात गायचं. डोकं हलवायचं नाही. तबकडीवर मावायचं ३ मिनिटांच्या आसपास, म्हणून रात्रभर चालणारी बैठक ३ मिनिटांत आटपायची. बरेच मोठे गवई या यंत्राला तयार नव्हते, आवाज बसेल अशी भीती होती. पुढं आल्या त्या गाणाऱ्या बायका. त्यातली सगळ्यात नावाजलेली गौहर जान.

गौहर जान गाणं संपवायची आणि शेवटी इंग्रजीत ठसक्यात सांगायची, मी गौहर जान. आज ती तबकडी ऐकताना आपल्याला तो नखरा वाटतो. पण त्याला कारण होतं. कलकत्त्यात भरलेलं गाणं जहाजानं जर्मनीत हॅनोव्हरला जायचं, तिथं तबकड्या छापल्या जायच्या. तिथल्या कामगारांना आपली भाषा कुठली कळायला? कुठलं गाणं कुणाचं, हे ओळखून लेबल लावता यावं म्हणून नाव तबकडीतच सांगून ठेवायचं. गैरसोयीतून निघालेली ही युक्ती तिच्या भलतीच उपयोगी पडली. ज्या गावात ती कधी गेली नाही, तिथल्या माणसांना गाण्याबरोबर तिचं नाव पाठ झालं. पोस्टकार्डांवर तिची छबी आली, काड्यापेटीवरसुद्धा आली. आता शहरातली मुलं याला सेल्फ प्रमोशन म्हणतात. गौहर जाननं ते सव्वाशे वर्षांपूर्वी केलं होतं, तेही ज्या काळात घरंदाज म्हणवणारी माणसं तिच्यासारख्या बाईचं नाव उघडपणे घेत नव्हती.

आता लंडनला जाऊ. साल १९३६. तिथल्या टपाल खात्याला टेलिफोनवर वेळ सांगणारं घड्याळ बसवायचं होतं. फोन लावला की एका बाईच्या आवाजात किती वाजले ते कळणार. आवाज कुणाचा घ्यायचा? खात्यातल्या टेलिफोन ऑपरेटर मुलींची स्पर्धा ठेवली. एथेल केन नावाची मुलगी जिंकली. बक्षीस १० गिनी. वर्तमानपत्रांनी तिला सोन्याच्या आवाजाची मुलगी म्हटलं. तिचा आवाज काचेच्या तबकड्यांवर भरला आणि जुलै १९३६ पासून घड्याळ बोलायला लागलं. ते १९६३ पर्यंत तिच्याच आवाजात बोललं. महायुद्ध सुरू झालं आणि संपलं, राजा गेला, राणी आली, एथेल केन रात्रंदिवस वेळ सांगत राहिली. बक्षीस तेवढंच, १० गिनी.

मला हे वाचताना माझी पिकअप गाडी आठवली, हे सांगायला नको.

इकडं आपल्याकडं १९४९ साली 'महल' सिनेमा आला. त्यातलं गाणं घराघरांत गेलं, पण तबकडीवर गाणारीचं नाव होतं कामिनी. कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं नाव. गाणारी होती २० वर्षांची लता मंगेशकर. कोण गातंय म्हणून लोकांनी रेडिओला पत्रं लिहिली आणि मग खरं नाव सांगितलं गेलं, असं सांगतात. पुढं १९६०च्या सुमाराला लताबाईंनी त्याहून अवघड मागणी केली. तबकडी विकली जाते तोवर गाणाऱ्यालाही त्यातला वाटा मिळावा, म्हणजे रॉयल्टी. मोहम्मद रफींचं मत उलटं होतं. गाणं गायलं, ठरलेले पैसे घेतले, व्यवहार संपला. दोघांचं इतकं बिनसलं की काही वर्षं ते एकत्र गायले नाहीत.

रफीसाहेब सज्जन माणूस, पैशाचा लोभ नव्हता हे सगळेच सांगतात. आपल्यातल्याही बऱ्याच जणी त्यांच्यासारखाच विचार करतात. मेहनत केली, मजुरी मिळाली, झालं. कांदा काढायच्या मजुरीला ते बरोबर आहे, कांदा एकदाच निघतो. रेकॉर्ड केलेलं बोलणं मात्र रोज नव्यानं विकलं जातं. या भांडणात मी लताबाईंच्या बाजूची आहे.

आपल्या ग्रामीण बायकांचा आवाज कुणी जपला, याचंही एक उदाहरण सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम उभं केलं. १ हजाराहून जास्त गावं आणि १ लाखाहून जास्त ओव्या. त्यातल्या कित्येक गाणाऱ्यांच्या आवाजात भरून ठेवल्या आहेत. आज त्या इंटरनेटवर ऐकायला मिळतात आणि तिथं बाईचं नाव असतं, तिचं गावही असतं. पैशाचा तो व्यवहारच नव्हता. पण एखादीच्या नातीला आजीचा आवाज शोधायचा तर सापडतो. एथेल केनच्या काळातल्या लाखो फोन करणाऱ्यांना आपल्याला वेळ सांगणारी कोण, हे निदान पेपरातून कळलं होतं. माझ्या भोंग्यावर माझं नावही नाही.

पूर्वी आवाजाचं काम म्हणजे मोठ्या शहरात जा, स्टुडिओच्या पायऱ्या झिजवा. हे बदललं गेल्या २५ वर्षांत. २००० साली ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर आलं. फुकट. आवाज भरायचा, चुकलेलं कापायचं, मागचा आवाज कमी करायचा, सगळं घरच्या कॉम्प्युटरवर. २००३ मध्ये अमेरिकेत व्हॉइस१२३ ही वेबसाइट निघाली. ती काढणाऱ्या जोडप्यातली टानिया झपाटा मूळची कोलंबियाची, स्वतः आवाजाचं काम करणारी, काम शोधून दमलेली. काम देणारा तिथं मजकूर टाकतो, बोलणारे घरून नमुना पाठवतात, ज्याचा आवाज आवडेल त्याला काम. परदेशातल्या कित्येक बायका कपड्यांच्या कपाटात बसून रेकॉर्ड करायला लागल्या, कारण लटकलेले कपडे घुमणारा आवाज शोषून घेतात. आमच्या रेडिओच्या पोरींनी सुरुवातीला हेच केलं होतं, भिंतीला गोधड्या लावून. घरी करायचं असेल तर आजही गोधडी चालते. पंखा बंद, कुकर बंद आणि कोंबड्या लांब.

दार उघडलं, तशी गर्दीही आत आली. २०१० मध्ये फाइव्हर ही वेबसाइट निघाली. तिथं कुठलंही काम ५ डॉलरला, असाच तिचा गाजावाजा होता. आवाजाचा भाव पडला. २०११ मध्ये ऑडिबल कंपनीनं पुस्तकं वाचणाऱ्यांसाठी सोय काढली. तयार झालेल्या तासाला पैसे घ्या, नाहीतर पुस्तक विकेल तसा लेखकाशी अर्धा-अर्धा वाटा घ्या. ती आपल्या देशातून वापरता येत नाही, पण त्यातला एक शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे, तयार झालेला तास. ऐकताना तासभर चालेल एवढं तयार करायला बसावं लागतं चार-सहा तास. वाचायचं, अडखळलं की परत वाचायचं, मग कापाकापी. तेव्हा कुणी ताशी भाव सांगितला तर कुठला तास, हे आधी विचारायचं. घड्याळाचा की ऐकायचा?

सगळ्यात जास्त वेळ मी ज्या गोष्टीपाशी अडले, ती सुझन बेनेट यांची. अमेरिकेतल्या अटलांटा शहरातल्या गायिका, जाहिरातींना आवाज देणाऱ्या. जुलै २००५ मध्ये त्यांना घरच्या स्टुडिओत काम मिळालं. महिनाभर, आठवड्याचे ५ दिवस, रोज ४ तास वाक्यं वाचायची. वाक्यांना धड अर्थ नाही. भाषेतले सगळे ध्वनी एकमेकांना जोडून कसे येतात ते मिळवायचं होतं, म्हणजे नंतर त्याचे तुकडे करून मशीन कुठलंही वाक्य बोलू शकेल. बेनेटबाईंना वाटलं, टेलिफोनच्या उत्तरयंत्रासाठी असेल. तासांचे पैसे घेतले, विसरून गेल्या. ऑक्टोबर २०११ मध्ये ओळखीतल्या एकाचा निरोप आला, हा नवा आयफोन बोलतोय, ती तूच ना? आयफोनमधली सिरी. ॲपल कंपनीनं त्यांचं नाव कधी जाहीर केलं नाही, वेगळे पैसेही दिले नाहीत. २ वर्षांनी त्यांनी स्वतःच पुढं येऊन सांगितलं, आणि मग त्या ओळखीवर भाषणांची आणि कार्यक्रमांची कामं मिळवली. गौहर जान गाण्याच्या शेवटी जे सांगायची ते बेनेटबाईंना ८ वर्षांनी सांगता आलं.

कॅनडाच्या बेव्ह स्टँडिंग यांनी कोर्टाची वाट धरली. २०१८ मध्ये भाषांतराच्या कामासाठी म्हणून दिलेला आवाज पुढं टिकटॉकवर निघाला. कुणीही काहीही टाइप करावं आणि ते या बाईंच्या आवाजात ऐकू यावं. लोकांनी शिव्यासुद्धा वदवून घेतल्या. मे २०२१ मध्ये त्यांनी अमेरिकेत दावा लावला. टिकटॉकनं तो आवाज बदलला आणि त्याच वर्षी तडजोड झाली.

आता आपला कायदा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्ये सादरकर्त्याचा हक्क आला. सादरकर्ता कोण, त्याची यादी वाचून मला गंमत वाटली. नट, गायक, नाचणारा, कसरत करणारा, जादूगार, गारुडी, व्याख्यान देणारा आणि सादर करणारी दुसरी कुणीही व्यक्ती. म्हणजे दिल्लीच्या कायद्यात गारुड्यालाही जागा आहे. २०१२च्या दुरुस्तीनं रेकॉर्ड धंद्यासाठी वापरली तर सादरकर्त्याला रॉयल्टीचा हक्क आला. लताबाईंनी मागितल्याला तेव्हा ५० वर्षं झाली होती. पुढं मशीननं आवाजाची हुबेहूब नक्कल करणं सुरू झालं. २०२४ मध्ये अरिजित सिंग आणि २०२५ मध्ये आशा भोसले मुंबई उच्च न्यायालयात गेले. आमचा आवाज आमच्या परवानगीशिवाय मशीनमध्ये घालायचा नाही, यावर दोघांनाही न्यायालयानं संरक्षण दिलं. अर्थात आशाताईंना वकील मिळाला. आपल्याला तालुक्याच्या गाडीभाड्यापासून सुरुवात.

मग गटात आलेला तो मुलगा फसवा आहे का? काम खरं असतं, एवढं मी सांगू शकते. २०२० मध्ये संशोधकांनी मराठीचाच असा एक अभ्यास छापला. गावातले आणि शहरातले कमी उत्पन्नाचे लोक आणि कॉलेजचे विद्यार्थी, असे ३६ जण मिळून १०९ तास मराठी बोलले. मशीनला शहरी मराठी पुष्कळ ऐकायला मिळते, तुमची-माझी मिळत नाही, म्हणून ती हवी असते. बंगळूरूची 'कार्या' ही संस्था अशा कामाला २०२३ साली ताशी ५ डॉलरच्या आसपास देत होती, तेव्हाचे सुमारे ४०० रुपये. आणि तोच आवाज पुन्हा दुसऱ्याला विकला तर बोलणाऱ्याला परत पैसे देते. हे काम वर्षभर पुरत नाही, हातखर्चाची भर आहे. पण पुन्हा विकला तर पुन्हा पैसे, ही अट कुणी पाळू शकतं एवढं त्यातून दिसलं.

त्या मुलाला आम्ही बसवून विचारलं. आवाज कुठं वापरणार, किती वर्षं, दुसऱ्याला विकणार का, विकला तर आमचं काय, आणि नको झालं तर पुसून मिळेल का. तो म्हणाला, एवढं कुणीच विचारत नाही, वर विचारून सांगतो. आमच्या अध्यक्षताईंनी पाचही प्रश्न इतिवृत्तात लिहून घेतले आणि खाली त्याची सही घेतली. दोघीजणी तरी लगेच तयार होत्या, शाळेची फी भरायची होती. त्यांना थांबवायला माझी जीभ रेटेना. महिनाभर थांबायचं त्यांनी स्वतःहून ठरवलं.

साडीच्या दुकानातही जाऊन आले. दुकानदार हसून म्हणाला, "मॅडम, तेव्हाच दिले होते ना पैसे." कागद माझ्याकडंही नाही, त्याच्याकडंही नाही. शेवटी म्हणाला, पुढच्या दिवाळीला नवीन रेकॉर्ड करू, तुम्हीच करा. मी हजार रुपये सांगितले, एका दिवाळीपुरते, आणि लिहून द्यायचं. विचार करतो म्हणाला. बुधवारी गाडी परत आली होती, जुनंच चालू होतं.