टर्मिनलच्या दृश्यरूपाचा इतिहास : कागदाच्या गुंडाळीपासून रंगयोजनेपर्यंत

प्रस्तावना

चिन्हचित्रे आणि माउस सर्वत्र रुळल्यानंतरही संगणकाची आज्ञावली लिहिणारा वर्ग टर्मिनलच्या खिडकीत आज्ञा टंकलिखित करूनच काम करताना दिसतो. या खिडकीची पार्श्वभूमी, अक्षरांचे रंग, फॉन्ट आणि प्रॉम्प्ट आपल्या मनाजोगते करून घेण्याची प्रथा या वर्गात रूढ आहे. वरवर पाहता ही केवळ हौस वाटते. तथापि या प्रथेमागे एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. पडद्यावरील मजकूर कसा दिसावा हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा : यंत्र बनविणाऱ्याचा, आज्ञावली लिहिणाऱ्याचा की वाचणाऱ्याचा? प्रस्तुत लेखात या अधिकाराच्या स्थित्यंतराचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून देवनागरी लिपीच्या संदर्भात त्याची मर्यादाही तपासली आहे.

१. कागदावरील टर्मिनल

प्रारंभीच्या काळात टर्मिनलला पडदाच नव्हता. १९६३ मध्ये बाजारात आलेले टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र कागदाच्या गुंडाळीवर सेकंदाला दहा अक्षरे छापीत असे. त्यात इंग्रजीची केवळ मोठी लिपी होती आणि एका ओळीत ७२ अक्षरे मावत. बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली घडविली, ती अशाच यंत्रांच्या साहाय्याने. युनिक्सच्या आज्ञा दोन-तीन अक्षरांच्या असण्यामागे या यंत्रांची मंद गती हे एक कारण मानले जाते. या टप्प्यावर दृश्यरूप म्हणजे शाई, कागद आणि यंत्रातील ठसे. वापरणाऱ्याला निवडीस फारसा वावच नव्हता. युनिक्समध्ये टर्मिनलसाठी आजही वापरले जाणारे ‘टीटीवाय’ हे नाव टेलिटाइपचीच आठवण होय.

२. काचेचा पडदा आणि उत्पादकाची निवड

१९७० च्या दशकात कागदाची जागा काचेच्या पडद्याने घेतली. अक्षरांचा रंग आता पडद्याच्या आतील लेपावर अवलंबून राहू लागला. हिरवा, पिवळसर किंवा पांढरा, जो लेप उत्पादकाने दिला तोच रंग वापरणाऱ्याच्या वाट्याला येई. काळ्या पार्श्वभूमीवरील हिरवी अक्षरे आज अनेकजण आवडीने निवडतात. परंतु मुळात ती आवड नसून रसायनाची देणगी होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ मध्ये आणलेले व्हीटी-१०० हे टर्मिनल या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. ८० स्तंभ आणि २४ ओळी ही त्याची नेहमीची मांडणी होती. ८० हा आकडा आयबीएमच्या १९२८ च्या छिद्रपत्राशी जोडला जातो. या यंत्रात एक विशेष कळ दाबून मांडणीच्या पानावर जाता येई. तेथे काळ्यावर पांढरी की पांढऱ्यावर काळी अक्षरे हवीत, कर्सर ठोकळ्यासारखा हवा की अधोरेषेसारखा, हे ठरविता येई आणि ती निवड यंत्र बंद केल्यावरही स्मृतीत टिकवून ठेवता येई. पर्याय मोजकेच होते, तरी निवड वापरणाऱ्याच्या हाती आली.

३. मानकीकरण : संकेत आणि छटा यांची फारकत

प्रत्येक कंपनीच्या टर्मिनलचे नियंत्रण-संकेत वेगळे असल्याने आज्ञावली लिहिणाऱ्यांची मोठी अडचण होत असे. यावर बर्कली येथे बिल जॉय यांनी १९७८ मध्ये ‘टर्मकॅप’ नावाची नोंदवही तयार केली. तीत निरनिराळ्या टर्मिनलांची वैशिष्ट्ये नोंदविलेली असत. दुसरीकडे युरोपातील ईसीएमए-४८ (१९७६) आणि अमेरिकेतील एएनएसआय एक्स३.६४ (१९७९) या मानकांनी समान संकेतभाषा रूढ केली.

या परंपरेतील रंग-संकेत अत्यंत साधे आहेत. ३० ते ३७ हे आकडे अक्षरांच्या आठ रंगांसाठी आणि ४० ते ४७ हे पार्श्वभूमीसाठी. उदाहरणार्थ, ३१ म्हणजे तांबडा, ३२ म्हणजे हिरवा आणि शून्य म्हणजे मूळपदावर येणे. येथे एक बाब विशेष लक्षणीय आहे. आज्ञावली फक्त ‘तांबडा’ एवढेच सांगते. तो कोणत्या छटेचा असावा हे टर्मिनल ठरविते. म्हणजेच अर्थ लेखकाकडे आणि छटा वाचकाकडे अशी विभागणी झाली. पुढील काळातील सर्व रंगयोजना या विभागणीवरच उभ्या आहेत.

याच सुमारास प्रॉम्प्टही वापरणाऱ्याच्या ताब्यात आला. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतील बोर्न शेलमध्ये ‘पीएस१’ या चलात प्रॉम्प्टचा मजकूर ठेवला जाई व तो बदलता येई. ब्रायन फॉक्स यांच्या बॅश (१९८९) आणि पॉल फाल्स्टॅड यांच्या झी-शेल (१९९०) यांच्या आधारे प्रॉम्प्टमध्ये वापरकर्त्याचे नाव, यंत्राचे नाव, चालू निर्देशिका आणि रंग गुंफण्याची पद्धत सर्वसामान्य झाली.

४. खिडकीतील टर्मिनल आणि रंगयोजना

१९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत एक्स विंडो प्रणाली आकारास आली. त्याच काळातील एक्सटर्म या आज्ञावलीने टर्मिनल हे यंत्र न राहता पडद्यावरील एक खिडकी बनले. लेप गेला आणि छटा हा केवळ एका धारिकेतील आकडा उरला.

या स्वातंत्र्याची निकड प्रत्यक्ष वापरातून जाणवते. ‘एलएस’ ही आज्ञा सामान्यतः निर्देशिकांची नावे निळ्या रंगात दाखविते. काळ्या पार्श्वभूमीवरील गडद निळी अक्षरे वाचताना डोळ्यांवर ताण येतो. त्रुटी तांबड्या आणि यश हिरव्या रंगात दाखविण्याची रीत तर तांबडा-हिरवा भेद न जाणवणाऱ्या व्यक्तीला निरुपयोगीच ठरते. छटा बदलण्याची मुभा येथे हौस नसून गरज आहे. ईथन शूनोव्हर यांची २०११ मधील ‘सोलराइज्ड’ ही सोळा रंगांची योजना या गरजेला दिलेले विचारपूर्वक उत्तर होते. त्यात आठ सौम्य आणि आठ ठळक रंगांतील अंतर मापून बसविले आहे, आणि तोच संच फिकट व गडद अशा दोन्ही पार्श्वभूमींवर वापरता येतो.

मात्र रंगांची संख्या वाढली तसा एक उलट प्रवाहही दिसू लागला. २५६ रंगांच्या पद्धतीत सोळा मूळ रंगांखेरीज २१६ मिश्र रंग व २४ करड्या छटा आल्या. त्यानंतरच्या पद्धतीत आज्ञावली १,६७,७७,२१६ छटांपैकी नेमकी एक मागू शकते. अशा वेळी वाचकाने निवडलेली रंगयोजना डावलली जाते. २०१७ मध्ये मांडला गेलेला ‘नो कलर’ हा अनौपचारिक संकेत, म्हणजे वापरकर्त्याने सूचना करताच आज्ञावलीने रंग गाळावेत ही अपेक्षा, या प्रवाहावरील प्रतिक्रियाच म्हणावी लागेल.

५. देवनागरी आणि चौकटीची मर्यादा

रंग मोकळे झाले तरी टर्मिनलची चौकट बदलली नाही. पडदा म्हणजे समान रुंदीच्या घरांचा तक्ता आणि एका घरात एक अक्षर, ही कल्पना टंकयंत्राच्या काळापासून चालत आली आहे. देवनागरी तीत सहज बसत नाही. ‘स्त्री’ हा उच्चारात एकच अक्षर असलेला शब्द युनिकोडमध्ये सहा संकेतांनी लिहिला जातो. ‘कि’ मधील वेलांटी साठविली जाते व्यंजनानंतर आणि दिसते त्याच्या आधी. या चिन्हांना किती घरे द्यावीत याबाबत आज्ञावली आणि टर्मिनल यांचे गणित जुळले नाही, तर मात्रा तुटतात आणि कर्सर भलत्याच जागी जातो. अनेक टर्मिनलांत हा अनुभव आजही येतो.

भारतात या प्रश्नाकडे लवकर लक्ष गेले होते. आयआयटी कानपूर येथे १९८० च्या दशकात विकसित झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्यातील सी-डॅक संस्थेत वाढले. इस्की म्हणून परिचित असलेल्या आयएस १३१९४ : १९९१ या भारतीय मानकात लिपी बदलणे तसेच अक्षर ठळक, तिरपे वा अधोरेखित करणे यांसाठी एका गुणदर्शक संकेताची तरतूद होती. अर्थ आणि दृश्यरूप वेगळे ठेवण्याचे तत्त्व येथे रंगापुरते न राहता लिपीपर्यंत पोहोचले होते. ही दृष्टी टर्मिनलच्या मुख्य प्रवाहात मात्र रुजली नाही.

निष्कर्ष

१. टर्मिनलच्या दृश्यरूपावरील अधिकार यंत्राच्या उत्पादकाकडून मानकांच्या मार्गे वाचणाऱ्याकडे आला.

२. या स्थित्यंतराचा पाया रंगांची विपुलता नसून संकेत आणि छटा यांची फारकत हा आहे. जेथे आज्ञावली नेमकी छटा लादते, तेथे वाचकाचा अधिकार आकुंचित होतो.

३. हे स्वातंत्र्य रंग, फॉन्ट आणि प्रॉम्प्ट यांपुरतेच सीमित राहिले. मराठी विद्यार्थी आपल्या टर्मिनलचा प्रत्येक रंग बदलू शकतो. परंतु त्यात स्वतःचे नाव देवनागरीत नीट उमटेलच याची खात्री त्याला देता येत नाही. टर्मिनल खऱ्या अर्थाने वाचणाऱ्याचे व्हावयाचे असेल, तर रंगांइतकेच त्याच्या चौकटीकडेही लक्ष दिले पाहिजे.