उपाहारगृहातील धूर आणि आपली भीड

बीड जिल्ह्यात 'हॉटेल' हा शब्द मोठा उदार आहे. पत्र्याखाली दोन बाकडी टाकून चहा उकळणारी टपरीही हॉटेल, आणि शहरातील वातानुकूलित भोजनगृहही हॉटेलच. एस. टी. स्थानकावर पहाटेच्या गाडीची वाट पाहणारा शेतकरी, तारखेला आलेला पक्षकार, कोयता बांधून साखर कारखान्यांच्या वाटेला लागलेले ऊसतोड कुटुंब, हे सारे त्या छपराखाली घटकाभर टेकतात. तेथे एकाने बिडी पेटविली की बिडी त्याची असते; धूर मात्र सर्वांचा होतो. या सामायिक धुराला मज्जाव कसकसा होत गेला, हे आज आपण पाहू.

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. अकबराचा सरदार असद बेग विजापुरास गेला असता तेथे त्याने ती पाहिली, आणि १६०४ च्या सुमारास ती बादशहापुढे नजर केली. दरबारच्या हकिमांना ती रुचली नाही. तेव्हा उत्तरेस ही भेट दख्खनने दिली, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १६१७ साली जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. पण हुकूम कागदावर राहिला आणि हुक्का बैठकीत. त्याच १६०४ साली इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने तंबाखूविरुद्ध एक पुस्तिका लिहिली. नवऱ्याच्या धुरात जन्म काढावा लागणाऱ्या पत्नीची कीव त्याने तीत केली आहे. ती कीव शास्त्रात यावयास पुढे पावणेचारशे वर्षे लागली.

कायद्याची पहिली पायरी आगगाडीच्या डब्यात दिसते. १८९० च्या रेल्वे कायद्याने सहप्रवाशांच्या संमतीवाचून डब्यात धूम्रपान करणाऱ्यास वीस रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. तत्त्व उत्तम होते. परंतु संमती म्हणजे काय? समोरच्या शेठजींनी सिगारेट शिलगावली तर कोपऱ्यात गाठोडे धरून बसलेला कुणबी 'माझी संमती नाही' असे म्हणेल काय? १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने दुसरी पायरी गाठली. न्यायालय, सरकारी कचेरी अशा इमारतींत फलक लावलेला असता धूम्रपान करणे गुन्हा ठरले. आता माणसाऐवजी फलक बोलू लागला. उपाहारगृह मात्र दोन्ही पायऱ्यांच्या बाहेरच राहिले.

बीड तर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते. हैदराबादेच्या वझीर सुलतान कारखान्याची 'चारमिनार' सिगारेट त्या राज्याच्या राजधानीचे नाव मिरवीत असे. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. राज्ये बदलली, पण चहाच्या टेबलावरील राखदाणी हलली नाही.

ती हलविली आकड्यांनी. जपानच्या हिरायामा यांनी ९१,५४० धूम्रपान न करणाऱ्या विवाहित स्त्रियांची चौदा वर्षे नोंद ठेवली आणि १९८१ साली निष्कर्ष मांडला, की ज्यांचे पती फार सिगारेट ओढतात त्यांना फुप्फुसाचा कर्करोग अधिक होतो. जेम्स राजाची कीव खरी ठरली. धुराची अमुक मात्रा निर्धोक, असे सांगता येत नाही, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलने २००६ साली स्पष्ट केले. म्हणजे खिडकी उघडून किंवा टेबल सरकवून हा प्रश्न सुटत नाही.

आपल्याकडे १९९९ साली केरळच्या उच्च न्यायालयाने सार्वजनिक धूम्रपानास बंदी केली. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाट्यगृहे, रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, कचेऱ्या आणि वाहने यांत ती देशभर लागू केली. या यादीत उपाहारगृह नव्हते! ते आले २००३ च्या कायद्यात, आणि अंमल सुरू झाला १ मे २००४ रोजी. २ ऑक्टोबर २००८ च्या नियमांनी तो कडक झाला. ओढणाऱ्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड. आणि मालकाने फलक लावावा, राखदाणी व आगपेटी देऊ नये, तक्रार येऊनही स्वस्थ बसल्यास जितके गुन्हे तितका दंड त्यानेही भरावा. मागण्याची जबाबदारी त्रास सोसणाऱ्याकडून निघून गल्ल्यावर बसणाऱ्याकडे गेली, हे या इतिहासाचे मर्म होय.

एक सवलत राहिली. तीस किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहास धूम्रपानासाठी वेगळी, भिंतींनी बंद खोली ठेवता येते. दोन बाकड्यांच्या टपरीस ही सवलत नाही. म्हणून काहीजण म्हणतात, की श्रीमंतांस खोली आणि गरिबांस दंड. आक्षेप अगदीच पोकळ नाही. शिवाय लहान मालकास नेहमीचे गिऱ्हाईक तुटण्याची धास्ती असते, तीही खरी. परंतु उलट बाजूने पाहा. गिऱ्हाईक चहा पिऊन पंधरा मिनिटांत उठते. भट्टीपुढचा आचारी आणि कपबशा विसळणारा गडी दिवसभर तेथेच असतात. चौदा वर्षांखालील मुलांना उपाहारगृहांत कामास ठेवण्याची मनाई १० ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आली. तोवर हा धूर कोणाकोणाच्या छातीत गेला असेल, याचा विचार आपण करावा. लहान हॉटेलास पूर्ण बंदी आहे, ती शिक्षा नव्हे. तेथील गड्याचे ते संरक्षण आहे.

२०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के तंबाखू वापरणारे आढळले, पण ओढणारे अवघे ३.८ टक्के. शंभरांत चौघे ओढतात आणि उरलेले शहाण्णव गप्प बसतात, असा हा हिशेब आहे. वडीलधाऱ्यास कसे सांगावे, ओळखीच्यास कसे दुखवावे, ही आपली भीड. भीड भिकेची बहीण, असे आपले वाडवडील सांगून गेले. येथे तर आपण स्वतःच्याच श्वासाची भीक मागत बसतो.

कायद्याने फलक दिला आहे. त्याकडे बोट दाखवून, आवाज न चढविता, 'काका, जरा बाहेर ओढा' एवढे म्हणावयास वक्तृत्व लागत नाही. या व्याख्यानानंतर आपण चहाला जाल, तेव्हा तेथेच त्याची सुरुवात व्हावी.