निजामाचं राज्य गेलं, मग लोकांचं राज्य कधी आलं?



दरवर्षी १७ सप्टेंबरला आपल्या शहरात सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी झेंडावंदन होतं. १९४८ साली याच दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली आणि मराठवाडा मुक्त झाला, हे आपण शाळेपासून शिकतो. ते बरोबरच आहे. पण आज आपण जरा पुढचा प्रश्न घेणार आहोत. निजामाचं राज्य त्या दिवशी गेलं. मग लोकांचं राज्य कधी आलं? दुसऱ्या दिवशी सकाळी? तसं झालं नाही. मधे साडेतीन वर्षं गेली. लोकशाहीत सरकार कसं बनतं, कोण कोणाला निवडतं आणि कोण कोणाला जाब विचारतं, हे समजून घ्यायला ही साडेतीन वर्षं फार उपयोगी आहेत.

आधी जुनी घडी पाहू. हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते. त्यातले औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी भाषकांचे. राज्यात शेवटचा शब्द निजाम मीर उस्मान अली खान यांचा. फर्मान निघालं की तोच कायदा. कायदेमंडळ होतं, पण ते नावालाच. १९४६ मध्ये सुधारणा म्हणून जी नवी विधानसभा आली, तिची रचना तर बघण्यासारखी होती. जागीरदारांचे प्रतिनिधी वेगळे, जमीनदारांचे वेगळे, व्यापाऱ्यांचे वेगळे. म्हणजे माणसाला मत मिळणार ते तो माणूस आहे म्हणून नव्हे, तो कोणत्या वर्गात बसतो त्यावरून. आणि इतकं करूनही मंत्रिमंडळ या सभेला जबाबदार नव्हतंच. स्टेट काँग्रेसने या निवडणुकीवर बहिष्कार टाकला. स्वामी रामानंद तीर्थांची मागणी सुरुवातीपासून साधी आणि स्पष्ट होती: जबाबदार राज्यपद्धती. यातला ‘जबाबदार’ हा शब्द आज आपण लक्षात ठेवायचा आहे.

आता १९४८ ला येऊ. पोलीस कारवाई १३ सप्टेंबरला सुरू झाली आणि पाच दिवसांत संपली. त्यानंतर कारभार आला लष्करी गव्हर्नर जे. एन. चौधरी यांच्याकडे. जानेवारी १९५० पासून मुख्यमंत्री झाले एम. के. वेलोडी, म्हणजे आयसीएस अधिकारी. पुढे त्यांच्या मंत्रिमंडळात काँग्रेसचे काही नेते घेतले गेले, पण खुद्द मुख्यमंत्र्यांना कोणत्याही मतदाराने निवडलेलं नव्हतं. दिल्लीने नेमलं होतं.

इथे आपण थोडं थांबू. हा कारभार वाईट होता का? सरसकट तसं म्हणता येणार नाही. जागीरदारी रद्द झाली ती १९४९ मध्ये, म्हणजे लष्करी राजवटीतच. कुळांना संरक्षण देणारा कायदा आला १९५० मध्ये, तोही निवडणुकीच्या आधी. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही मोठी कामं होती. मग बिघडलं कुठे?

याच काळातली दुसरी गोष्ट बघा. पोलीस कारवाईच्या आधी रझाकारांनी गावोगाव जुलूम केले. कारवाईनंतर काही भागांत मुस्लिमांविरुद्ध मोठा हिंसाचार झाला. चौकशीसाठी नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत समितीने उस्मानाबाद आणि नांदेड ही नावं घेतली. तो अहवाल अनेक दशकं प्रसिद्ध झाला नाही. आता विचार करा, त्या वेळी एखाद्या गावाला विचारायचं असतं की आमच्याकडे काय घडलं, दोषींचं काय केलं, तर कोणाला विचारणार? राज्यात निवडून आलेलं सभागृहच नव्हतं. आमदार नव्हता, प्रश्नोत्तराचा तास नव्हता. सभागृह असतं म्हणजे उत्तर मिळालंच असतं, असा आमचा दावा नाही. पण प्रश्न नोंदला तरी गेला असता. चांगला कारभार आणि जबाबदार कारभार यांत फरक आहे तो हा.

आता गंमत अशी की, लोकांच्या राज्याचा रस्ताही एका फर्मानानेच उघडला. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फर्मान काढलं की भारताची राज्यघटना हीच हैदराबादचीही घटना राहील. २६ जानेवारी १९५० पासून ते राजप्रमुख झाले. म्हणजे साधारण आजच्या राज्यपालासारखं पद.

मग १९५२ च्या सुरुवातीला पहिली निवडणूक झाली. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत. बाई असो, मजूर असो, जागीरदार असो, मत एकच. बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं वडाचं झाड. शिक्का मारायची भानगड नाही. मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची, बस. १९४६ ची ती वर्गवारी आठवा आणि ही पेटी आठवा. मधे फक्त सहा वर्षं आहेत.

हैदराबादच्या विधानसभेत १७५ जागा होत्या. काँग्रेसला ९३ मिळाल्या. बहुमताला ८८ लागतात. आता इथे रचना नीट बघा. मतदाराने मुख्यमंत्री निवडला नाही. त्याने आमदार निवडला. बहुमताच्या पक्षाने नेता निवडला, बूर्गुल रामकृष्ण राव. ६ मार्च १९५२ रोजी ते मुख्यमंत्री झाले. भोकरकडचे दिगंबरराव बिंदू गृहमंत्री झाले. नेमणूक राजप्रमुखाच्या नावाने, म्हणजे निजामाच्याच नावाने. पण आता राजप्रमुखाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचं आणि मंत्रिमंडळाने विधानसभेला जाब द्यायचा. अभिभाषण राजप्रमुखाचं, त्यातला मजकूर मंत्र्यांचा. माणूस तोच राहिला, सत्तेची दिशा उलटी झाली. आमच्या मते लोकांचं राज्य आलं ते त्या मार्चमध्ये.

१९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. तो इतिहास आपल्याला ठाऊक आहे. आपण थेट आपल्या शहराकडे येऊ.

आपली महानगरपालिका १९८२ मध्ये स्थापन झाली, पण पहिली निवडणूक झाली १९८८ मध्ये. तोवर प्रशासक. पुढे ७४ वी घटनादुरुस्ती आली. तिने सांगितलं की पालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. तरी एप्रिल २०२० मध्ये आपल्या सभागृहाची मुदत संपली. आधी कोरोना, मग आरक्षणाचा वाद, मग कोर्टकचेऱ्या. मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ ला. म्हणजे पावणेसहा वर्षं नगरसेवक नाही, महापौर नाही.

महापालिकेची रचना विधानसभेपेक्षा वेगळी आहे. इथे महापौराला नगरसेवक निवडतात, पण अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्तांना नेमतं राज्य सरकार. आयुक्तांनी प्रस्ताव आणायचा, स्थायी समितीने आणि सभागृहाने तो तपासायचा. सभागृहच नसेल तर? प्रस्ताव आणणारा आणि मंजूर करणारा एकच. तो अधिकारी कितीही कर्तबगार असो, नळाला किती दिवसांआड पाणी येतंय हे सभागृहात उभं राहून विचारणारं कोणी उरत नाही.

कोणी म्हणेल, नगरसेवक असताना तरी पाणी कुठे रोज येत होतं? प्रश्न खरा आहे. पण नगरसेवकाला पाच वर्षांनी आपल्या दारात यावं लागतं. अधिकाऱ्याची बदली होते, तो दुसऱ्या गावी जातो. साडेतीन वर्षं थांबून आपल्या आजोबा-पणजोबांनी जे मिळवलं, ते हेच होतं: चुकलेल्या माणसाला बदलण्याचा हक्क. आपण मात्र त्याहून जास्त काळ तो हक्क न वापरता राहिलो आणि आपल्याला फारसं काही वाटलं नाही. पुढच्या १७ सप्टेंबरला झेंड्याला सलाम करताना एवढं आठवावं, ही विनंती.

आता प्रश्न विचारा. शेवटी विषयच तो आहे.