देहाचे देऊळ

अंबरनाथच्या शिवालयाकडे मी सकाळी फिरायला जातो. तेथला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळी हे काम पुरे झाले. वालधुनीकाठच्या या काळ्या पाषाणावर देव आहेत, तशा नटूनथटून उभ्या राहिलेल्या सुरसुंदरीही आहेत. कोणाचा हात गेला आहे, कोणाचा चेहरा झिजला आहे. पण गाभारा खाली आहे. पायऱ्या उतरून गेले की पिंडीवर रोजचे ताजे बेलपान दिसते. भिंतीवरच्या मूर्ती भंगल्या म्हणून आतली पूजा थांबलेली नाही.

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापुरात लोक रुळांवर उतरले. तेथील एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला होता. गाड्या तासन्‌तास बंद होत्या. मी अंबरनाथच्या फलाटावर बसून होतो. शेजारी उल्हासनगरला निघालेले एक वयस्कर गृहस्थ होते. ते कळवळून म्हणाले, "पोरींचं आयुष्य नासलं हो!" त्यांच्या मनात करुणाच होती, यात शंका नाही. पण तो 'नासलं' शब्द मला खुपत राहिला, आणि पंडिता रमाबाईंची आठवण झाली.

संत पौलाने ग्रीसमधल्या करिंथ या भरभराटीच्या व्यापारी शहरातील ख्रिस्ती मंडळींना लिहिले, की माणसाचे शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, म्हणून शरीरानेही देवाचा गौरव करावा. आपल्या एकनाथांनीही देहाला पंढरी मानले. या उपदेशाचा अर्थ बहुधा संयम एवढाच लावला जातो, आणि तो चुकीचा नाही. मात्र एक प्रश्न उरतो: ज्या देवळावर दुसऱ्यानेच घाला घातला, त्याचे काय?

रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या जोगिणींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम येथील आपले घर दाखवले. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे मायेने वागवीत. हे लोक असे का वागतात, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, पाच नवरे होऊन गेलेल्या त्या बाईशी येशू धर्माची चर्चा करतो. ही गोष्ट रमाबाईंच्या मनाला भिडली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढे १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. दुष्काळात त्यांनी स्वतः आईबाप गमावले होते. भुकेल्या, एकट्या मुलीवर कोणाची नजर असते हे त्यांना कोणी सांगायला नको होते. केडगावी मुक्तिसदन उभे राहिले, आणि 'पतित' म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी कृपासदन. मुक्तिसदनातल्या बायका शेती करीत, विणीत, छापखाना चालवीत. १९२२ साली मृत्यू येईपर्यंत रमाबाई ज्या मराठी बायबलच्या भाषांतरात गढल्या होत्या, त्याचे काम याच छापखान्यात होत होते. ज्या देहाला लोकांनी अपवित्र म्हटले, त्याच हातांनी पवित्र ग्रंथाचे खिळे जुळावेत, यापरता देहाचा सन्मान कोणता?

एवढ्यावर थांबलो तर तो इतिहास न होता स्तुतिपाठ होईल. शारदासदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या वादातून १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तो आक्षेप निराधार नव्हता. मला स्वतःला त्याहून अडते ते 'कृपा' या नावाशी. कृपा अपराध्यावर करतात. जिच्यावर अत्याचार झाला, तिला क्षमा कशाची करायची? शोमरोनी स्त्रीची कथाही येथे पुरी पडत नाही.

तरीही टाकलेल्या देहात देव पाहण्याचे धैर्य रमाबाईंनी दाखवले, हे विसरता येत नाही. त्यांच्याच वाटेने आणखी एक पाऊल पुढे गेले, की पौलाच्या वचनाचा रोख बदलतो. 'तू आपले देऊळ सांभाळ' हे मुलीला बजावण्याआधी 'दुसऱ्याच्या देवळात पायताण घालून शिरू नकोस' हे मुलग्याला शिकवावे लागते. आणि घाला पडलाच, तर गाभारा विटाळत नाही. विटाळतो तो घाला घालणारा.

त्या दिवशी फलाटावर त्या गृहस्थांना मी हे सांगायला हवे होते. तेव्हा सुचले नाही, म्हणून येथे लिहिले.