अजिंठ्याच्या चित्रांचा ग्रंथ

वेरूळच्या इंद्रसभेत छतावरील चित्रांचे पुसट अवशेष पाहताना मूळ रंग कसे असतील, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. अजिंठ्यापुरते त्याचे काहीसे उत्तर जॉन ग्रिफिथ्स यांच्या ग्रंथात सापडते.

तत्पूर्वी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे लेण्यांत बसून तैलरंगात नकला केल्या होत्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्यास जाऊ लागले. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. १८८५ पर्यंत हे काम चालले; आणि दैवदुर्विलास असा की, त्याच वर्षी लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथील आगीत यांतीलही अनेक नकला भस्मसात झाल्या!

उरलेल्या सामग्रीतून १८९६-९७ मध्ये दोन भव्य खंड निघाले. पहिल्यात कथाचित्रे, तर दुसऱ्यात नक्षीकाम. प्रस्तुत लेखकास दुसराच अधिक प्रिय. छताच्या चौकटींतील कमळे, हंस, हत्ती, फळे, वेलबुट्टी हे सारे एरवी मान वर करूनही नीट दिसत नाही. येथे ते पानावर निवांत न्याहाळता येते.

मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून नकलाकारांनी मूळ भिंतींवर व्हार्निश फासले. कालांतराने ते पिवळे-काळे पडले. १९२० नंतर निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ आणून ते काढण्याचा प्रयत्न केला. परंतु त्यांनीही चित्रांवर लाखेचा लेप दिला.