घर की आरोग्यधाम? मद्रासच्या एका प्रयोगाची हकीकत

क्षयाचे निदान झाले की रोग्याने घर सोडावयाचे, ही समजूत आपल्याकडे कित्येक वर्षे दृढ होती. कोरडी हवा, सकस अन्न आणि पूर्ण विश्रांती यांवाचून या रोगास उतार नाही, असे वैद्यकशास्त्रच सांगत असे. ज्यांच्या गाठी पैसा नव्हता त्यांना हा सल्ला म्हणजे नुसतेच शब्द होते. १९५५ ते १९५८ या काळात झालेल्या देशव्यापी पाहणीत क्षयरोग्यांची गणती लाखांनी करावी लागली. खाटा मात्र हजारांनीच मोजण्याजोग्या होत्या.

अशा वेळी, १९५६ साली, मद्रासला क्षयरोगाच्या औषधोपचारांचे संशोधन करणारे केंद्र निघाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद या चौघांचा तो संयुक्त उद्योग. डॉ. वॉलेस फॉक्स तेथे प्रमुख होते. शहरातील गरीब वस्तीतले १९३ रोगी निवडण्यात आले. आयसोनियाझिड आणि पी.ए.एस. ही औषधे सर्वांना वर्षभर सारखीच. भेद इतकाच की काहींना आरोग्यधामात ठेवले, काहींना त्यांच्याच घरी.

कोणास कोठे ठेवावयाचे, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता यदृच्छेवर सोपविले होते. आम्हांस या प्रयोगाचे सारे मोल येथेच दिसते. आम्ही फायलींत बुडालेली माणसे. दोन तक्ते शेजारी मांडण्यापूर्वी दोहोंत सारख्याच स्थितीतली माणसे आहेत की नाहीत हे पाहावे, एवढे आम्हांसही कळते. डॉक्टरांनी दयेपोटी अधिक अशक्त रोगी आरोग्यधामात धाडले असते, तर वर्षअखेरीच्या आकड्यांना काहीच अर्थ उरला नसता. लोकारोग्य आणि उपचारांचे फलित हा विषय घेऊन आज डॉक्टरेट करणाऱ्यांना पहिला धडा मिळतो तो हाच.

निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाले. वर्षअखेर आरोग्यधामातील शेकडा ९२, तर घरच्या शेकडा ८६ रोग्यांचा रोग जंतुतपासणीत शमलेला आढळला. सहांचा हा फरक झाकण्याचे कारण नाही. परंतु घरच्या रोग्याचे अन्न निकृष्ट, खोली दाटीची, विश्रांती कमी. इतके असूनही तो जवळजवळ तितकाच बरा झाला, ही गोष्ट त्या सहांपेक्षा फार मोठी होती.

खरी भीती मुलाबाळांची होती. म्हणून कुटुंबीयांवर पाच वर्षे लक्ष ठेवण्यात आले. रोगी घरी राहिल्याने त्यांना अधिक धोका पोहोचल्याचे दिसले नाही. संसर्ग व्हावयाचा तो बहुधा उपचार सुरू होण्यापूर्वीच होऊन गेलेला असे. बाप घरात असूनही मुले सुरक्षित राहू शकतात, हे प्रथमच आकड्यांनी सिद्ध झाले. पोटापाण्यासाठी घरापासून दूर राहणाऱ्या आमच्यासारख्यांना याची किंमत वेगळी सांगावयास नको!

१९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला तो घरगुती उपचार गृहीत धरूनच. नवी अडचण निघाली ती गोळ्यांची. बरे वाटू लागले की घरचा रोगी औषध टाळी. तेव्हा त्याच केंद्राने आठवड्यातून दोनदाच, पण डोळ्यांदेखत औषध देऊन पाहिले, आणि १९६४ साली त्याचेही आकडे छापले.