हृदयविकारानंतरचा दाह आणि व्हेगस चेता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
हृदयविकाराच्या झटक्यात रक्तपुरवठा खंडित होऊन हृदयस्नायूचा काही भाग मृत होतो. मृत पेशी दूर करून इजा भरून काढण्यासाठी शरीरात दाहप्रक्रिया सुरू होते. हा दाह आवश्यकच असतो. परंतु तो मर्यादेबाहेर गेल्यास उरलेल्या स्नायूचीही हानी होते. चेतेच्या उद्दीपनाने त्यास आवर घालता येईल का, या प्रश्नाचा इतिहास प्रस्तुत लेखात मांडला आहे.

हृदयाचा लगाम :
मेंदूतून निघून मान व छातीतून उदरापर्यंत जाणाऱ्या व्हेगस चेतेच्या उद्दीपनाने हृदयाची गती मंदावते, हे अर्न्स्ट व एडुआर्ड वेबर या जर्मन बंधूंनी १८४५ मध्ये दाखविले. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी ग्रात्स येथे बेडकाच्या एका हृदयाची ही चेता उद्दीपित केली व त्यातील द्रव दुसऱ्या हृदयास दिला, तेही मंदावले. चेतेचा संदेश रासायनिक द्रव्यातून पोहोचतो, हे यातून सिद्ध झाले. ते द्रव्य म्हणजे ॲसिटिलकोलीन होय. १९३६ चे नोबेल पारितोषिक लोवी व हेन्री डेल यांना विभागून मिळाले.

दाहाशी संबंध :
२००० मध्ये केविन ट्रेसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत उंदरांवर केलेल्या प्रयोगांत, या चेतेच्या उद्दीपनाने जिवाणूंच्या विषामुळे उद्भवणारा दाह कमी झाला. दाह वाढविणाऱ्या पेशींवर ॲसिटिलकोलीनचा संदेश स्वीकारणारा ग्राही असल्याचे २००३ मध्ये स्पष्ट झाले. २००४ मध्ये जपानी संशोधकांना, हृदयविकारानंतर हृदय दुर्बल झालेल्या उंदरांचे आयुर्मान उद्दीपनाने वाढल्याचे आढळले.

प्रयोगशाळेतून रुग्णाकडे :
मानवी अनुभव मात्र संमिश्र आहे. हृदय दुर्बल झालेल्या ७०७ रुग्णांवरील चाचणीत (२०१६) मृत्यू अथवा आजार बळावण्याचे प्रमाण घटले नाही. याउलट, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील ९५ रुग्णांच्या अभ्यासात, झटक्यानंतर रक्तप्रवाह पूर्ववत करताना कानाच्या पाळीपुढील उंचवट्यावर सौम्य विद्युत् उद्दीपन दिल्याने हृदयस्नायूची हानी व दाहाचे निदर्शक घटले. २०२५ मध्ये अमेरिकेत या चेतेच्या उद्दीपनास संधिवाताभ दाहावरील उपचार म्हणून मान्यता मिळाली. हृदयविकारानंतरच्या दाहासाठी तो अद्याप प्रस्थापित उपचार नाही.

समारोप :
उंदरांत दिसलेला लाभ रुग्णांत दिसेलच असे नाही, आणि एका चाचणीच्या अपयशाने मूळ कल्पनाही खोटी ठरत नाही. दुर्बल हृदय व नुकतीच इजा झालेले हृदय या भिन्न अवस्था आहेत. उद्दीपन केव्हा, कोठे व किती द्यावे, हे मोठ्या चाचण्यांतूनच ठरेल. तोवर आशा पुराव्याच्या पुढे जाऊ नये, हाच या इतिहासाचा बोध होय.